राघोबादादांचा जमाखर्च

चिंचवड आणि देहूरोड मागे टाकून जुन्या रस्त्याने मुंबईकडे निघाले, की तळेगावपर्यंत कारखान्यांच्या भिंती, गोदामे आणि मालमोटारींचे तळ यांची सोबत सुटत नाही. तळेगावला एक फाटा चाकणच्या कारखान्यांकडे वळतो. सरळ पुढे गेले की काही मैलांवर वडगाव मावळ लागते. या पट्ट्यात पोटापाण्यासाठी रोज ये-जा करणाऱ्या हजारो माणसांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की जानेवारी १७७९ मध्ये पुणे घेण्यासाठी निघालेल्या एका परकी फौजेची कंबर याच मुलखात मोडली. वडगावला महादजी शिंद्यांचे स्मारक आहे आणि ते असावयास हवेच. परंतु ती फौज कोणाच्या बोलावण्यावरून घाट चढली, तिचा खर्च कोणी द्यावयाचे ठरले होते आणि प्रत्यक्षात तो कोणाच्या माथी बसला, हे प्रश्न विजयाच्या स्मारकावर कोरले जात नाहीत. त्यांची उत्तरे एका माणसाच्या चरित्रात विखुरलेली आहेत. तो माणूस म्हणजे रघुनाथ बाजीराव, म्हणजेच राघोबादादा.

थोरल्या बाजीरावांचे हे चिरंजीव १७३४ मध्ये साताऱ्याजवळ माहुलीस जन्मले. वडील १७४० मध्ये वारले तेव्हा ते जेमतेम सहा वर्षांचे होते. थोरले बंधू नानासाहेब पेशवेपदावर बसले आणि दादा घोड्यावर बसले, असे थोडक्यात म्हणता येईल. शौर्याची त्यांना कधीच वाण नव्हती. १७५७ मध्ये दिल्ली, एप्रिल १७५८ मध्ये लाहोर आणि तेथून पुढे अटकेपर्यंत मराठ्यांचा अंमल पोहोचला तो त्यांच्याच मोहिमेत, आणि राघोभरारी हे नाव त्यांनी तेथेच मिळवले. मात्र ही भरारी मारून ते पुण्यास परतले तेव्हा त्यांच्यामागे सुमारे ८० लाखांचे कर्ज होते. सदाशिवरावभाऊंनी त्याचा जाब विचारला आणि घरात बेबनाव झाला. आपल्या इतिहासलेखनात अटकेच्या झेंड्याला जेवढी जागा मिळते तिच्या शतांशानेही या कर्जाला मिळत नाही. वास्तविक दादांच्या स्वभावाची किल्ली तेथेच आहे. फौज उभी करणे म्हणजे पैसा उभा करणे, आणि आज न दिलेला पैसा उद्या कोणीतरी व्याजासह मागतो, हे त्यांच्या ध्यानी कधी आलेच नाही.

पानिपताच्या पाठोपाठ जून १७६१ मध्ये नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. कारभार आपल्या हाती राहणार, ही चुलत्यांची अपेक्षा त्या काळच्या रीतीस धरून होती. पुतण्या मात्र कोणाच्या हातचे बाहुले होणारा नव्हता. वर्षभरात दादा रुसून औरंगाबादेकडे गेले आणि त्यांनी निजामाची मदत घेतली. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावास काका-पुतण्यांची लढाई झाली. माधवरावांनी घर फुटू नये म्हणून हार पत्करून स्वतःला चुलत्यांच्या स्वाधीन केले. निजामाच्या मदतीचे मोल म्हणून दौलताबादेसह मोठा मुलूख देण्याचे दादांनी कबूल केले होते. हा सौदा पुरा होण्यापूर्वीच पुढल्या वर्षी निजाम उलटला आणि त्याच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. ऑगस्ट १७६३ मध्ये राक्षसभुवनास निजामाचा पराभव झाला, त्या लढाईत संकटात सापडलेल्या चुलत्यांना सोडवले तेही माधवरावांनीच. परक्याला घरच्या भांडणात उतरवले म्हणजे काय होते याचा धडा इतक्या स्वस्तात फारच थोड्यांना मिळाला असेल. तो दादांच्या पचनी पडला नाही. १७६८ मध्ये त्यांनी पुन्हा उठाव केला, धोडपास त्यांचा मोड झाला, आणि पुढची काही वर्षे शनिवारवाड्यातील कैदेत गेली.

नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे माधवरावांचे निधन झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात कोवळ्या नारायणरावांचा खून केला. धरावे या शब्दाचा मारावे कोणी केला, ही आख्यायिका प्रत्येक मराठी घरात माहीत आहे, आणि तिने आनंदीबाईंच्या माथी मारलेला डाग पुराव्याच्या मानाने फार मोठा आहे. गारद्यांशी कट दादांचा होता एवढे मात्र निर्विवाद आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना दोषी ठरवले आणि पुणे सोडले. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर सुरक्षित ठेवले. एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि गादीवरील दादांचा हक्क संपला. एखादा समंजस माणूस येथे थांबला असता. दादा गुजरातेकडे निघाले. फेब्रुवारी १७७५ मध्ये मही नदीच्या परिसरात हरिपंतांनी त्यांना गाठून त्यांची फौज उधळली. ते खंबायतेस पळाले आणि तेथून इंग्रजांच्या आश्रयाने सुरतेस पोहोचले.

मुंबईकर इंग्रज त्यांचीच वाट पाहत होते, असे म्हणण्यास हरकत नाही. मुंबई हे तेव्हा एक अरुंद बेट होते. त्याच्या पाठीशी असलेली सुपीक साष्टी आणि वसईचा किल्ला यांवर कंपनीचा डोळा कित्येक वर्षांपासून होता. दादांशी बोलणे चालू असतानाच, कोणताही तह होण्यापूर्वी, डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला चढवून तो घेतला. मित्राच्या मदतीस निघालेल्या फौजेने पहिला घाव मित्राच्याच वारशावर घालावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

६ मार्च १७७५ रोजी सुरतेस तह झाला. त्याची कलमे एखाद्या सावकारी दस्तऐवजासारखी आहेत. कंपनीने दादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी अडीच-तीन हजारांची फौज द्यावी. त्या फौजेच्या खर्चापोटी दादांनी दरमहा दीड लाख रुपये, म्हणजे वर्षास १८ लाख द्यावेत. हाती रोकड नसल्याने सहा लाखांचे जडजवाहीर तारण ठेवावे. शिवाय साष्टी, वसई आणि मुंबईभोवतीची बेटे, गुजरातेतील जंबुसर व ओलपाड आणि भडोचच्या उत्पन्नातील मराठ्यांचा वाटा कंपनीस कायमचा द्यावा. या दस्तऐवजात जोखीम सगळी एका बाजूला आहे. मोहीम फसली तरी मासिक देणे चालूच राहणार होते, आणि जी ठाणी कंपनीने आधीच बळकावली होती तीही किमतीतच धरली होती. वसई म्हणजे कोण्या एका सरदाराची जहागीर नव्हे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी हजारो माणसे खर्ची घालून ती पोर्तुगीजांकडून घेतली होती. चुलत्याने रक्ताने घेतलेली वसई पुतण्याने शाईने देऊन टाकली. ती त्यांच्या ताब्यात नव्हती ही गोष्ट निराळी. परकी फौज बोलावणारा नेहमी जे आपले नाही तेच विकत असतो.

मे १७७५ मध्ये गुजरातेत अडासला लढाई झाली. तिचा निकाल काहीही सांगितला जावो, पुण्याची वाट दादांना मोकळी झाली नाही. इतक्यात कलकत्त्याच्या कौन्सिलने मुंबईकरांना परस्पर युद्ध सुरू केल्याबद्दल दोष दिला आणि आपला वकील कर्नल अप्टन पुण्याकडे पाठवला. मार्च १७७६ मध्ये पुरंदरास नवा तह झाला. कंपनीने दादांचा पक्ष सोडावा, युद्धखर्चाबद्दल १२ लाख घ्यावेत, साष्टी आपल्याकडे ठेवावी; दादांनी दरमहा २५ हजारांची नेमणूक घेऊन कोपरगावास राहावे. ज्याच्यासाठी म्हणून हे युद्ध मांडले होते त्याला या वाटाघाटीत कोणी विचारलेही नाही. दादांनी तह नाकारला. मुंबईकरांनीही तो मनापासून पाळला नाही; त्यांनी दादांना आश्रय दिला. लंडनच्या संचालकांचा कौल सुरतेच्या तहाला अनुकूल असल्याचे कळल्यावर त्यांना जोरच आला. पुण्याच्या गादीचा प्रश्न आता मुंबई, कलकत्ता आणि लंडन येथील दफ्तरांच्या आपसातील चढाओढीने ठरू लागला. तेवढ्यात सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच पुण्यास आला, आणि फ्रेंचांची भीती हे मुंबईकरांना नव्या मोहिमेसाठी आयतेच कारण मिळाले.

नोव्हेंबर १७७८ मध्ये दादांना बरोबर घेऊन सुमारे ३,९०० शिपायांची फौज मुंबईहून निघाली. तिच्याबरोबर सामान वाहणारे १९ हजार बैल होते, म्हणजे दर शिपायामागे जवळजवळ पाच. फौजेवर एक सेनापती नव्हता. कर्नल एगर्टन, कार्नाक आणि मॉस्टिन यांची समिती होती, आणि मॉस्टिन आजारी पडून वर्षारंभीच मेला. बोरघाट चढून आलेल्या या लवाजम्याला खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतची आठ मैलांची वाट तोडण्यास अकरा दिवस लागले. वाटेवरील टेकाडांवरून भिवराव पानशांच्या तोफा आणि मराठ्यांच्या घोडेस्वारांच्या टोळ्या त्यांना सारख्या छळत होत्या. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. त्याच्या शौर्याची मराठ्यांनाही इतकी चाड वाटली, की इष्टुर फाकडा या नावाने तो लोकांच्या तोंडी राहिला आणि वडगावास त्याची समाधी झाली. शत्रूचा असा मान ठेवणारा हा मुलूख आहे, हेही नोंदवावयास हवे.

९ जानेवारीस फौज तळेगावास पोहोचली. पुणे तेथून तीसएक किलोमीटरवर होते. मराठ्यांनी तळेगाव आधीच जाळून मोकळे केले होते. दाणा नाही, वैरण नाही, घरावर छप्पर नाही. असेच पुढे चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळण्याचा त्यांचा निश्चय असल्याची खबर इंग्रजांच्या छावणीत पोहोचली. लष्करी दृष्टीने ही युक्ती अचूक ठरली यात संशय नाही. तथापि तळेगाव हे सेनापती दाभाड्यांचे ठाणे, मावळातले नांदते गाव. आणि चिंचवड म्हणजे मोरया गोसाव्यांचे क्षेत्र, ज्याच्या देवस्थानावर पेशव्यांची अपार श्रद्धा. आपल्या राज्यात आलेल्या परकी फौजेला अन्नाचा कण मिळू नये म्हणून आपलीच गावे आपल्याच हाताने जाळण्याची पाळी राज्यकर्त्यांवर यावी, यापेक्षा स्वारीचा मोठा खर्च कोणता असू शकतो? पौष महिना म्हणजे खळ्याच्या आसपासचे दिवस. ज्या कुणब्यांच्या गंज्या त्या दिवसांत जळाल्या त्यांची नावे कोणत्याही तहाच्या कलमात आली नाहीत. विजयी पक्षाकडून त्यांना किती भरपाई मिळाली, हा प्रश्नही विजयाच्या उत्सवात विचारावयाचा नसतो.

११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि मागे फिरले. मराठे त्यांच्या पाठीवर होतेच. पिछाडीच्या हार्टलेने शर्थ केली म्हणून फौज कशीबशी वडगावात शिरली आणि तेथे चोहोबाजूंनी कोंडली गेली. महादजींच्या मध्यस्थीने जो करार झाला त्यात १७७३ नंतर घेतलेली सगळी ठाणी परत करणे, बंगालहून येणारी गॉडर्डची फौज माघारी बोलावणे आणि रघुनाथरावांना स्वाधीन करणे ही मुख्य कलमे होती. दोन इंग्रज ओलीस ठेवले गेले. उरलेली फौज जीव घेऊन घाट उतरली आणि दादा महादजींच्या छावणीत गेले. ज्यांना सिंहासनावर बसवावयाचे होते त्यांनाच तहातील एक कलम म्हणून देऊन टाकून पाहुणे परत गेले. मुंबईने मात्र हा करार सही सुकण्यापूर्वीच झिडकारला. दादा तेवढे द्यावे लागले, ठाणी परत देण्याचा प्रश्न आला नाही.

महादजींनी त्यांना जहागीर देऊन झाशीकडे रवाना केले. नर्मदेच्या परिसरात दादा पहाऱ्यातून निसटले आणि जून १७७९ मध्ये पुन्हा सुरतेस, गॉडर्डच्या आश्रयास गेले. येथे त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की परत येण्यासाठी त्यांना दुसरे दार उरले नव्हते. ज्याने एकदा परकी पलटणीच्या जोरावर घरात शिरण्याचा यत्न केला त्याच्यावर घरचे लोक विश्वास ठेवीत नाहीत, आणि तो विश्वास नसल्यामुळे त्याला पुन्हा त्याच पलटणीकडे जावे लागते. त्यांनी हणमंतराव नावाचा आपला वकील थेट विलायतेसही पाठवला. एडमंड बर्कने त्याची आस्थेने विचारपूस केली, त्याला स्नानसंध्येसाठी जागा दिली; राज्य द्यावे असे बर्कच्या हाती काहीच नव्हते.

युद्ध मात्र पुरे पेटले. १७८० च्या फेब्रुवारीत गॉडर्डने अहमदाबाद आणि डिसेंबरात वसई घेतली. १७८१ मध्ये तो बोरघाटापर्यंत आला आणि पुण्याकडे न सरकता चारशेहून अधिक माणसे गमावून पनवेलकडे हटला. दक्षिणेत हैदरही उठला होता. कंपनीची तिजोरी रिकामी झाली. ती भरण्यासाठी वॉरन हेस्टिंग्जने काशीच्या चेतसिंगाकडे जबर रक्कम मागितली आणि अयोध्येच्या बेगमांचा खजिना उपसला, ज्याबद्दल पुढे त्याच्यावर पार्लमेंटात महाभियोग चालला. पुण्यातील एका गृहकलहाचे बिल अशा रीतीने काशी आणि फैजाबाद येथपर्यंत पोहोचले. युद्धाच्या अर्थशास्त्रात देणेकरी नेहमी रणांगणापासून दूर राहणारा असतो.

मे १७८२ मध्ये महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत मिळाली, सवाई माधवराव हेच पेशवे हे मान्य झाले. रघुनाथरावांस दरमहा २५ हजारांची नेमणूक मिळाली. त्यांनी राहण्यासाठी कोपरगाव निवडले. १७७६ मध्ये पुरंदरच्या तहाने त्यांना हीच रक्कम आणि हेच गाव देऊ केले होते. मधल्या सहा वर्षांत गुजरातेपासून मावळापर्यंत जे जळाले, जे मेले आणि जे कर्ज झाले, ते सर्व वजा जाता दादांच्या खाती शिल्लक राहिली ती एवढीच. गोदावरीकाठच्या त्या गावी ११ डिसेंबर १७८३ रोजी त्यांचा अंत झाला.

दादांना नुसते खलपुरुष ठरवून मोकळे होण्याची आपल्याकडे प्रथा आहे, आणि ती सोयीची असली तरी अपुरी आहे. गादीवर हक्क सांगणारे नातलग कोणत्या राजघराण्यात नव्हते? फरक पडतो तो मदतीला कोण येतो यामुळे. भाऊबंदकीत शिंदे-होळकरांची फौज उतरली असती तर भांडण घरात सुरू होऊन घरात मिटले असते. ज्या फौजेचा जमाखर्च समुद्रापलीकडे लिहिला जातो तिचे हितसंबंध उमेदवाराच्या जयापराजयाशी बांधलेले नसतात. तो जिंकला तर तो ऋणको, हरला तर त्याचे तारण जप्त. कंपनीने हा प्रयोग पुढे १८३९ मध्ये काबुलात केला. लुधियान्यास पेन्शनीवर ठेवलेल्या शाहशुजाला तिने आपल्या सैन्याच्या बळावर तख्तावर बसवले. १८४२ च्या जानेवारीत ते सैन्य माघारीच्या वाटेवर नष्ट झाले, एप्रिलमध्ये शाहशुजा मारला गेला, आणि खर्च हिंदुस्थानच्या महसुलातून वळता झाला. डिसेंबर १९७९ मध्ये रशियन रणगाड्यांबरोबर बब्रक करमाल काबुलास सत्तेवर आले; १९८६ मध्ये त्याच रशियाने त्यांना दूर केले. २००१ मध्ये अमेरिकन सैन्य तेथे उतरले ते २०२१ मध्ये निघून गेले, आणि त्याच्या आधारावर उभे असलेले सरकार शेवटचा शिपाई विमानात चढण्यापूर्वीच कोसळले. देश, धर्म, विचारसरणी सगळे निराळे. तहाची कलमे मात्र कोणीतरी सुरतेहून नक्कल करून नेल्यासारखी.

दादांचा वारसा त्यांच्याबरोबर संपला असता तर बरे झाले असते. पुरंदरच्या कारभाऱ्यांशी झगडा चालू असताना जानेवारी १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात आनंदीबाईंना मुलगा झाला होता. तोच दुसरा बाजीराव. यशवंतराव होळकरांनी पुण्याबाहेर पराभव केल्यावर त्याने वडिलांचीच वाट धरली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस, म्हणजे ज्या ठाण्याचा सौदा बापाने केला होता तेथेच बसून, त्याने सहा हजार पायदळाची तैनाती फौज कायमची पत्करली आणि तिच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. मे १८०३ मध्ये तो त्या फौजेच्या छायेत पुण्याच्या गादीवर पुन्हा बसला. बापाला जे साधले नाही ते मुलाला साधले, असे त्या दिवशी कोणालाही वाटले असते.

पुढे बाजीरावाने आपल्याही पदरी कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांचे पगार तो देत होता. अंमलदार इंग्रज होते, आणि त्यांचा म्होरक्या कॅप्टन फोर्ड. या पलटणींची छावणी दापोडीस होती, मुळेच्या काठी, आज जेथून पिंपरी-चिंचवड शहराची हद्द सुरू होते तेथे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई जुंपली तेव्हा फोर्ड या पलटणी घेऊन दापोडीहून निघाला आणि इंग्रजांच्या फळीस जाऊन मिळाला. पुणे पडले. डिसेंबरच्या अखेरीस पाठलाग चुकवीत बाजीराव जुन्नरच्या बाजूने चाकणला उतरला आणि तेथून भीमेकडे वळला. फेब्रुवारी १८१८ मध्ये चाकणचा किल्लाही इंग्रजांनी घेतला. जूनमध्ये बाजीराव शरण गेला आणि वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनीवर गंगेकाठी बिठूरला जाऊन राहिला.